जकात धक्क्यावरचं मौन

मथुराबाईंनी पहाटेपासून तोंड उघडलं नव्हतं, आणि आता संध्याकाळी पाच वाजता फाटकापाशी उभ्या राहून त्या रागानं पहारेकऱ्याकडे बघत होत्या.

श्रावणाचे चार सोमवार मातीचं शिवलिंग करून पुजायचं, जुन्या जकात धक्क्याच्या पायऱ्यांवरून खाडीत सोडायचं आणि विसर्जन होईतो एक शब्द बोलायचा नाही. लेक वेदिका सुखरूप बाळंत व्हावी म्हणून हा नेम. आजचा सोमवार चौथा. आज शब्द निघाला की मागचे तिन्ही पाण्यात.

पण गेल्या सोमवारनंतर धक्क्यावरच्या नव्या उद्यानाचं उद्घाटन होऊन फाटकावर पहारा बसला होता. एके काळी इथे गलबतांचा माल जकात भरून तरी सुटत असे. आता पहारेकरी आत्माराम काहीच सोडत नव्हता.

"मूर्ती, निर्माल्य, खाऊ, कायच आत न्यायचा नाय. पिशवीत काय हाय?"

मथुराबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. भिकाजींना खोटं बोलायचा संकोच नव्हता, ते नीट जमत मात्र नसे.

"माती आहे," ते म्हणाले. "झाडासाठी."

आत्मारामचा चेहरा उजळला. "काका, देवासारखे आलात! इथं सगळा जांभा नि फरश्या. पायऱ्यांपाशी चाफा लावलाय, त्याला मूठभर माती मिळंना. आणा!"

भिकाजींनी पिशवीतला डबा देऊनही टाकला. मथुराबाई पदर सावरत मागे धावल्या, पण तोवर आत्मारामनं डबा चाफ्याच्या आळ्यात पालथा केला होता. महादेव उपडे पडले. वर बेलाची पानं.

"वा! पाल्याचं खत पण घातलंय की!"

मथुराबाईंनी डोळे वटारले. एक बोट आळ्याकडे, एक खाडीकडे करून जोरजोरात हातवारे केले.

"काकू काय म्हणतायत?"

"पाणी घाला म्हणते," भिकाजी म्हणाले. "भरपूर."

मथुराबाईंनी ओठ दातांखाली दाबले. आत्मारामनं पाइप सोडला. लिंग विरघळलं, आळं भरलं, गढूळ पाणी फरशीवरून पायऱ्यांकडे निघालं. आत्माराम नळ बंद करायला वळला तशी मथुराबाईंनी त्याचं मनगट धरलं आणि सोडलंच नाही. पाण्याचा ओघळ पायरी पायरी उतरत खाडीला मिळाला, शेवटचं बेलपान भरतीवर तरंगलं, तेव्हा त्यांनी हात सोडून डोळे मिटले आणि नमस्कार केला.

मग डोळे उघडले.

"अहो!"

आत्माराम पाइप टाकून दोन पावलं मागे सरला.

"देवाला माती म्हणालात? त्या माणसाला खरं सांगितलं असतंत तर त्यानं हाकललं असतं फार तर, खाल्लं नसतं! पलीकडच्या घाटावर गेले असते मी! आणि पाणी घाला म्हणते? मी पाणी म्हटलं? लग्नाला एकतीस वर्षं झाली, माझं बोललेलं कळत नाही ते नाहीच, हातवारेही कळू नयेत? पोर तिथे दिवस मोजतेय नि तुम्ही झाडं लावता!"

बाकांवरची माणसं वळून बघू लागली. दिवसभर मुक्या राहिलेल्या बाईचा आवाज खाडीपलीकडे गेला असावा, कारण होडीतला एक जण वल्हं थांबवून उभा राहिला.

भिकाजींनी घाम पुसला. अचानक त्यांना सुटकेची वाट दिसली. "अगो, ऐक. श्रावणी सोमवारचं जेवण मुकाट्यानं जेवायचं असतं ना? चल घरी. लगेच पानं घेऊ."

मथुराबाईंनी जवळचा बाक पदरानं पुसला आणि ऐसपैस बसल्या.

"उपास सूर्य बुडाल्यावर सोडायचा असतो," त्या म्हणाल्या. "अजून दोन तास आहेत. बसा."