सरांची कवळी सीमेपार

"अहो, निदान हळू तरी ओरडा," सरांची बायको म्हणाली. "दात नसताना ओरडलं की नुसती थुंकी उडते."

सर ओरडणार नाहीत तर काय करतील! संध्याकाळी सहाला वाचनालयात वादसभा होती. विषय होता, 'देश महासंघातून बाहेर पडला. भलं झालं की वाटोळं?' भूगोलाचे हे निवृत्त सर 'भलं झालं' म्हणणार होते आणि त्यांचे साडू, पोस्टातून निवृत्त झालेले, 'वाटोळं' म्हणणार होते. वादसभेचा चषक तीन वर्षं साडूंकडेच होता. त्यांनी तो दिवाणखान्यात अशा जागी मांडला होता, की चहाचा कप तोंडाला लावला की समोर तोच दिसावा. सरांना त्या घरचा चहा पचत नसे. यंदा चषक आणायचाच म्हणून त्यांनी अठरा पानांचं भाषण पाठ केलं होतं. आणि ऐन वेळी त्यांची कवळी नदीवरच्या पुलावर अडकून पडली होती.

त्याचं असं झालं. मागच्या आठवड्यात कवळीला तडा गेला. दातांच्या डॉक्टरीणबाई कवळ्या दुरुस्तीसाठी पुलापलीकडच्या कारागिराकडे पाठवत. आज गेली की उद्या संध्याकाळी परत. "सर, उद्यापासून पलीकडे परदेश होतोय. थोडं थांबायचं का?" असं त्यांनी विचारलंही होतं.

"काही होत नाही हो!" सर गरजले होते. "सामान्य माणसाच्या पानातलं शीतसुद्धा हलणार नाही. भाषणाचं तिसरं पान आहे ते माझ्या."

कवळी पलीकडे गेली, देश महासंघातून बाहेर पडला आणि सर पाच दिवस दुधात बुडवलेल्या पावावर राहिले.

शेवटी वादसभेच्या दिवशी सकाळीच दोघं नवराबायको पुलावरच्या कस्टमच्या चौकीत गेले. टेबलामागे सरांचाच एक जुना विद्यार्थी साहेब होऊन बसला होता. त्याच्यापुढे पारदर्शक पिशवीत कवळी होती. दुरुस्त झालेली, अगदी लख्ख.

"या सर! फॉर्मवर आयातीचं कारण लिहा. व्यापार, देणगी की प्रदर्शन?"

"चावणे!" सर म्हणाले.

"तसा रकाना नाहीये, सर."

"अरे, माझे दात आहेत ते!"

"माझा विश्वास आहे हो. पण कागदोपत्री ते तुमचेच कशावरून?"

"दे इकडे. बसवून दाखवतो."

"माल सुटल्याशिवाय हात लावता येत नाही. आणि मालक कोण ते सिद्ध झाल्याशिवाय माल सुटत नाही."

सरांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. दातओठ खावेत तर तीही सोय उरली नव्हती. "कुठल्या अकलेच्या कांद्याने केला हा नियम?"

विद्यार्थी अवघडला. त्याने भिंतीवर चौकटीत लावलेल्या अर्जाकडे बोट केलं. "नागरिकांची मागणी होती, सर. पलीकडून आलेली टाचणीसुद्धा पुरती तपासल्याशिवाय आत सोडू नये म्हणून."

बायकोने चष्मा पुसून अर्ज वाचला. "अहो, पहिली सही तुमचीच आहे की! खाली दोनदा रेघही ओढलीये."

"अक्षर अजून तसंच सुरेख आहे, सर," विद्यार्थी मनापासून म्हणाला.

मग धावाधाव झाली. डॉक्टरीणबाईंनी दाखला दिला, पण चौकीला दाखल्यासोबत तोंडाचा साचा हवा होता. साचा कारागिराकडे, म्हणजे नदीपलीकडे होता. तो आणायचा तर त्यालाही आयातीचा फॉर्म. यात दुपार गेली आणि सहा वाजता सर बोळक्या तोंडाने वाचनालयात हजर झाले.

साडू आधी बोलले. नुसते आकडे! सभेतल्या अर्ध्या लोकांना डुलकी लागली. मग सर उठले. "अध्यक्ष महाराज" म्हणेपर्यंत दोन अक्षरं सांडली आणि मागून कुणीतरी फिसकन हसलं.

"सर, जरा स्पष्ट बोलाल का?" अध्यक्षांनी विचारलं.

झालं! पाच दिवसांचा राग उसळला. "स्पष्ट? कसं बोलू स्पष्ट? माझे दात तिकडे पिशवीत कैद आहेत!" अठरा पानं बाजूला राहिली आणि सरांनी सगळी कर्मकहाणी सांगितली: फॉर्म, साचा, दुधातला पाव. "काही फरक पडत नाही म्हणणाऱ्याला माझ्यासमोर उभा करा! माणसाच्या तोंडातले दात परदेशी ठरवतात, लाज नाही वाटत?" शब्द निसटत होते, पण संताप शेवटच्या रांगेपर्यंत पोचत होता. अध्यक्षांनी तीनदा घंटा वाजवली, सरांना ऐकूच आली नाही. ते बसले तेव्हा सगळं सभागृह उभं राहून टाळ्या वाजवत होतं.

"यंदाचा चषक सरांना!" अध्यक्षांनी जाहीर केलं. "'वाटोळं झालं' ही बाजू इतक्या तळमळीने आजवर कुणी मांडली नव्हती."

सरांनी आ वासला. तेवढ्यात चौकीवरचा विद्यार्थी अध्यक्षांच्या टेबलाकडून फॉर्म आणि पिशवी घेऊन धावत आला. "सर, सुटली! दोनशे लोकांसमोर तुम्ही मालकी सांगितलीत. अध्यक्षांची सही घेतली साक्षीदार म्हणून. कारण मात्र 'प्रदर्शन' लिहिलंय."

सरांनी तिथेच कवळी बसवली. एका हातात चषक होता. साडू हसत हसत जवळ आले.

"आता दात आलेत, तर खरं काय ते सांगून टाका. भलं झालं की वाटोळं?"

सरांनी साडूंकडे पाहिलं, बायकोकडे पाहिलं, मग चषकाकडे पाहिलं आणि तो दोन्ही हातांनी पोटाशी धरला.

"डॉक्टरीणबाईंनी सांगितलंय," ते अगदी स्पष्ट म्हणाले, "दोन दिवस फार बोलायचं नाही."