डब्यात अडकलेल्या मुंग्या

मुलांनो, जरा कल्पना करा: एक मामा आहे, जो आरसा दिसला की स्वतःलाच सलाम ठोकतो. "माझं नुसतं नाव ऐकलं तरी गुन्हेगार चळाचळा कापतात," तो सांगे. आजवर त्याला एकही गुन्हेगार भेटला नव्हता, ती गोष्ट वेगळी.

त्या दुपारी त्याची भाची रडवेली होऊन आली. तीन आठवडे अंगणात पालथं पडून तिने मुंग्यांवर चित्रपट केला होता. तो पाचच्या आत शाळेच्या स्पर्धेला पाठवायचा होता, आणि साडेचार झाले होते. चित्रपट होता कपाटावरच्या काळ्या डब्यात. घरातले सगळे फोटो त्यातच साठवत, आणि वायफायवरून तो कुठल्याही खोलीत उघडे. आज मात्र लॅपटॉप म्हणत होता, डबा सापडत नाही.

"चोरी!" मामा गरजला.

"मामा, डबा समोर आहे. दिवाही लागलाय."

"तोच तर कट, भाचेबाई! पोचलेला चोर वस्तू जागेवरच ठेवतो."

मामाने भिंग घेऊन वायर हुंगली. मग तो कपाटामागे शिरला आणि एक मोजा व टेंगूळ घेऊन बाहेर आला.

"चोराचा मोजा!"

"तो तुझाच आहे."

"म्हणजे चोराने माझे मोजे घातले होते!"

शेवटी संशय मुंग्यांवर गेला. न विचारता चित्रीकरण केल्याचा राग धरून त्या वायरीत शिरल्या असणार.

पावणेपाच झाले. भाचीच्या डोळ्यांत पाणी आलं. इतक्यात खिडकीपाशी बसलेले आजोबा फोनकडे बघत खो खो हसले. "ही मागची मुंगी काय आळशी आहे गं!"

भाची धावली. "आजोबा, तुमच्या फोनवर डबा उघडतोय?"

"न उघडायला काय झालं?"

"साथीदार सापडला!" मामा ओरडला.

"गप रे! काल तूच ना सगळ्यांचे फोन, लॅपटॉप त्या पाहुण्यांसाठी ठेवलेल्या वेगळ्या वायफायला जोडत फिरत होतास? म्हणे पासवर्ड छोटा आहे. मी नाही दिला माझा फोन. माझ्याच घरात मी पाहुणा?"

भाचीने कपाळावर हात मारला. पाहुण्यांच्या वायफायवर इंटरनेट मिळतं, पण घरचा डबा दिसत नाही. आल्यागेल्याने घरातलं सगळं उघडून बघू नये, म्हणून तशी सोयच असते.

आजोबांनी घरच्या वायफायचा वीस अक्षरी पासवर्ड घडाघडा म्हटला. लॅपटॉप जोडला गेला, डबा उघडला, आणि पाचला चार मिनिटं असताना मुंग्या स्पर्धेला रवाना झाल्या.

"आता माझाही फोन जोड," मामा खाकरून म्हणाला.

भाचीने फोन हातात घेतला, मामाकडे नीट पाहिलं, "तू थोडे दिवस पाहुणाच राहा," म्हणत तो तसाच परत दिला आणि आजोबांशेजारी मुंग्या बघत बसली.