कुरणवाडीच्या वाटेची जीप

व्याह्यांच्या बैलांनी आपली मोटार ओढून काढली, ही गोष्ट वसंतराव वर्षभर विसरू शकले नव्हते. भूमपासून कुरणवाडी फार लांब नाही, पण वाट म्हणजे दोन ओढे आणि मधे नुसता दगड. येरमाळ्याच्या जत्रेसाठी लेकीला, प्रेमलाला, आणायला ते आपली लांबलचक मोटार घेऊन गेले होते. हैद्राबादच्या कुण्या जहागीरदाराकडून घेतलेली ती मोटार सडकेवर मोठ्या डौलानं चाले. पण कुरणवाडीच्या पहिल्याच ओढ्यात तिनं दगडावर पोट टेकलं आणि ती जी बसली ती बसलीच. मग व्याही बलभीमराव बैल घेऊन आले आणि त्यांच्यामागं सारं गाव आलं. बलभीमराव जाणते गृहस्थ, अजिबात हसले नाहीत. फक्त येताना त्यांनी बैलांच्या शिंगांना गोंडे बांधून आणले होते.

तेवढ्यावर भागलं असतं तरी चाललं असतं. पण प्रेमला माहेरी आली ती रडतच.

"अण्णा, आडावर बाया इचारतेत, तुझ्या बापाच्या मोटारीला कडबा घालतेत का पेंड? मी काय सांगू?"

वसंतरावांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. दुसरी गाडी घ्यायची, आपल्याला झेपेल अशी घ्यायची, पण कुरणवाडीच्या वाटेवर न अडणारी घ्यायची, असं त्यांनी त्या दिवशीच ठरवलं. लेकीला सासरी ताठ मानेनं पाण्याला जाता आलं पाहिजे, एवढाच त्यांचा हट्ट होता.

त्यांच्या घरात चार पायांचं कुठलंही जनावर जुन्या गड्याला, बब्रुवानला, विचारल्याशिवाय आलेलं नव्हतं. बैलाची पारख करावी तर त्यानं. गाडीलाही चाकं चारच, असा विचार करून वसंतरावांनी त्याला सोलापूरला सोबत नेलं. जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्यानं तीन गाड्या दाखवल्या. पहिली छोटीशी, हिरवीगार. बब्रुवान उकिडवा बसला, खालून वाकून बघितलं आणि उठला.

"मालक, हिचं पोट शेळीचं. वढ्यात भिजंल."

दुसरी चांगली उंचपुरी होती, मागं दहा माणसं बसतील अशी. बब्रुवाननं तिच्याभोवती एक फेरा मारला. "खांदा चांगला हाय, पर बूड लई जड. चढाला मागं सरंल."

तिसरी लष्करानं काढून टाकलेली जीप होती. वर ताडपत्रीचा टप, अंगाचा रंग मातकट. बब्रुवाननं चाकांवर थापा मारल्या, इंजिनाला कान लावला आणि म्हणाला, "आता वढून दाखवा." बाजारात बैल घेताना चाकं बांधलेली गाडी ओढायला लावतात, तसं. व्यापारी चिडला.

"अहो, ही मोटार हाय! बैल न्हाई!"

"म्हणूनच म्हन्तो. बैल असता तर म्या नुसतं दात बघून सांगितलं असतं."

शेवटी ब्रेक लावलेली ती उंचपुरी गाडी मागं बांधून जीपला आवाराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ओढायला लावलं. जीपनं ती ओढली, आणि व्यापाऱ्यानं हात जोडले.

"घ्या मालक," बब्रुवान म्हणाला. "रंग सोडला तर जनावरात खोट न्हाई."

जीप दारात आली तेव्हा वसंतरावांच्या पत्नी चंद्रप्रभाबाई ओवाळायचं ताट हातात धरून तशाच उभ्या राहिल्या. "ह्याच्यात बसून लेकीच्या सासरी जाताव? लोकाला फौजदार आल्यागत दिसंल."

"गाडीतलं तुला काय कळतंय?" वसंतराव म्हणाले, आणि जत्रा तोंडावर आल्यावर एकटेच कुरणवाडीला निघाले.

वाटेत सायकल हातात धरून चाललेला एक माणूस दिसला. सायकल पंक्चर, गळ्यात पिशवी. हा शांतलिंग, तालुक्याचा लेव्ही इन्स्पेक्टर. ते लेव्हीचे दिवस होते. पिकलेल्या जोंधळ्यातला ठरलेला वाटा सरकारला सरकारी भावानं घालायचा, असा कायदा होता. आणि इन्स्पेक्टर यायच्या आत जोंधळा बळदात, म्हणजे दोन भिंतींमधल्या चोरकप्प्यात ओतून वरून लिंपून टाकायचा, असा रिवाज होता. वसंतरावांनी तो मनोभावे पाळला होता. एरवी अशा माणसाला बघून त्यांनी मान फिरवली असती. पण नवी जीप एवढी ओढा चढणार आणि बघायला कुणी नाही, हे त्यांना सोसवेना.

"या की साहेब! कुठं निघालाव?"

"कुरणवाडीला."

"सायकल मागं टाका अन् बसा. बघा आमची गाडी कशी चढती ते."

जीप खरोखरच चढली. पहिला ओढा गेला, दुसरा गेला, दगडांवरून ती टणाटणा उड्या मारत गेली. "गाडी नामी निवडली तुम्ही," शांतलिंग डोकं चोळत म्हणाला. वसंतरावांची छाती फुगली. वेशीवर माणसं जमतील, बाया आडावरून बघतील, असं चित्र त्यांच्या डोळ्यांपुढं होतं.

वेशीवर कुणीतरी ओरडलं, "जीप आली रं! लेव्ही आली!" आणि धडाधड दारं लागली. गावात शिरले तेव्हा आडावर चिटपाखरू नव्हतं, नुसत्या रिकाम्या घागरी होत्या. बलभीमरावांचंही दार बंद. वसंतराव उतरून हाक मारणार, तोच शांतलिंगनं सवयीनं कडी वाजवली.

"मालक हायेत का घरात?"

आतून आवाज आला तो प्रेमलाचा. "मामंजी गावाला गेलेत."

"जोंधळा किती हाय?"

"कुठला जोंधळा? आमीच उसना आणून खातोत."

'प्रेमला, मी हाय गं' हे शब्द वसंतरावांच्या ओठांवर आले होते. पण आता बोलावं तर सरकारी माणसासमोर लेक खोटी पडते. त्यांनी ते गिळून टाकले.

"बाई, बलभीमरावांचं खळं मी बघून गेलोय. दार उघडा, न्हाईतर पंच बोलावतो."

आत कुजबूज झाली. मग प्रेमलाचा आवाज एकदम धीट झाला. "साहेब, गरिबाला कशाला तरास देताव? भूमला जावा. वसंतरावांच्या घरी बळद भरून हाय. मी माझ्या डोळ्यानं बघितलंय."

"कोण वसंतराव?"

"ते मोटारवाले. ज्यांची मोटार बैलानं वढली, ते."

शांतलिंगनं सावकाश मान वळवली. वसंतरावांच्या कानांच्या पाळ्या तापल्या. कुठं बघावं कळेना, म्हणून ते खोकले. तो खोकला ओळखून दार उघडलं. प्रेमलानं आधी वडलांना बघितलं, मग जीप, मग पिशवीवाला साहेब, आणि पदरात तोंड लपवलं. मागच्या गंजीतून बलभीमराव आले, फेट्यात कडब्याची पानं.

"या व्याही! कधी आलाव? मी आत्ताच गावाहून येतोय."

दोन्ही व्याही एकमेकांच्या पायाकडं बघत उभे राहिले.

"बलभीमराव, तुमच्याकडं मी परवा येतो," शांतलिंग म्हणाला. "आज भूमची गाडी आयती मिळतीय."

परतताना शांतलिंग पुढं आणि प्रेमला मागं बसली. दुसरा ओढा ओलांडल्यावर वसंतरावांना राहवेना. "दुसऱ्या कुणाचं नाव सुचलं न्हाई का गं तुला?"

प्रेमलानं डोक्यावरचा पदर सावरला. मग म्हणाली, "अण्णा, त्यांचं गेलं असतं, तर पांढऱ्या पायाची म्हणून जलमभर बोलणी बसली असती. तुमचं गेलं तर तुमी मला माहेर तोडणार न्हाई, एवढं ठाऊक होतं."

लेकीनं एवढा भरवसा टाकावा आणि आपण मात्र दोन भिंतींत जोंधळा कोंडून बसावं, याची वसंतरावांना मनापासून लाज वाटली. आता काही लपवायचं नाही.

घरापुढं जीप थांबली. लेकीवरून उतरून टाकायचा भाकरतुकडा घेऊन चंद्रप्रभाबाई दारात आल्या आणि साहेबाला बघून जागच्या जागी थिजल्या. वसंतराव उतरले, टोपी नीट केली आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "चला साहेब, दोन्ही बळदं दाखवतो. एक माजघरातलं आणि एक देवघराच्या मागचं."

शांतलिंगच्या पाठीआडून प्रेमला हळूच म्हणाली, "अण्णा, मी एकच सांगितलं होतं."