खरखर काढणारे गुंजाळराव

ज्या दुष्काळी वर्षी आमच्या नगरात लोक घागरभर पाण्यासाठी नळावर भांडत होते, त्या वर्षी गुंजाळराव स्वतः ओल्या फडक्यानं अंग पुसत आणि ग्रामोफोनच्या जुन्या तबकड्यांना रिठ्याच्या पाण्यानं आंघोळ घालत. तीही बादलीभर! मी एकदा दारातून पाहिलं. मांडीवर पंचा, पंच्यावर तबकडी, आणि हा बाप्या तान्ह्या पोराची टाळू धुवावी तशा हलक्या बोटांनी तिच्या रेघांतला मळ काढतोय. वहिनी शेजारीच उभ्या होत्या. म्हणाल्या, "भावजी, तुमीच सांगा ह्यास्नी. आठ दीस झालं, मी डोक्यावरनं न्हाली न्हाई."

मी काय सांगणार कपाळ? सांगून ऐकणाऱ्यातला तो माणूसच नव्हता.

आम्ही दोघं नागापूरला, एमआयडीसीतल्या पंपाच्या एका कारखान्यात. मी स्टोअरमध्ये कारकून, ते लेथवर टर्नर. हात असा की साहेब लोक माप घेण्याआधी त्यांना विचारत. पण सगळ्या जगाची पारख ते लेथवरच करायचे. तबकडीचं मधलं भोक केसभर सरकलेलं असलं तरी सूर हेलकावे खातो, म्हणून ते भोक मोठं करून त्यात पितळेचा बुश, म्हणजे बारीक कडं, बसवत. तिथंच थांबले असते तर बरं होतं. नवा सुपरवायझर आला, की "सेंटर आऊट हाय." माझ्या मेव्हण्याचं लग्न मोडलं, तर "सेंटर आऊटच हुतं, मी पंगतीतच वळखलं." माझ्याबद्दल काय मत आहे, हे मी कधी विचारलं नाही. उगाच कशाला आपली शोभा करून घ्या!

बाजाराच्या दिवशी रजा टाकून ते गावोगाव तबकड्या धुंडाळत. कोल्हारला एका हॉटेलात एक तबकडी पाण्याच्या माठावर झाकण म्हणून होती. त्या हॉटेलवाल्याला यांनी पितळेचं झाकण स्वतः घडवून दिलं. काष्टीच्या बाजारात मात्र त्यांना हवी होती ती सापडली. दुष्काळात कुणीतरी घरातलं सामान विकायला काढलं होतं, त्यात तळाशी. सारंगी आणि तबला, दोघांचीच बैठक, दोन बाजू मिळून सहा-सात मिनिटं. तबकडीला आरपार चीर गेलेली. दुसऱ्या दिवशी गुंजाळराव ती घेऊन माझ्या टेबलापाशी आले.

"भाऊ, हिच्यावर सारंगीवाल्याचं नाव हाय. तबला ज्यानं वाजवलाय त्येचं न्हाई."

"मग?"

"मग काय? छापून घ्यायचं."

मुंबईची एक कंपनी जुन्या बैठकी नव्या लाँगप्ले रेकॉर्डवर काढणार होती आणि ज्यांच्याकडे तबकड्या असतील त्यांनी कळवावं, असं पेपरात आलं होतं. बस्स, त्या दिवसापासून गुंजाळरावांना दुसरं काही सुचेना. त्या तबलजीचं नाव नव्या रेकॉर्डवर आलं पाहिजे. कोण तबलजी, कुठला, हे मी विचारलं नाही. म्हटलं, नवं खूळ.

त्यांनी ती तबकडी स्पूलच्या टेपवर उतरवली. उतरवून झाली आणि उचलताना चिरेवर मोडून तिचे दोन तुकडे झाले. "जाऊ द्या, टेपवर आली ना," म्हणाले. पण टेपवर चीरसुद्धा आली होती. दर फेऱ्याला टक्. मग ते टक् काढायचं काम सुरू झालं. टेप हातानं मागेपुढे सरकवायची, टक् कुठं आहे ते हेरायचं, दाढीच्या ब्लेडनं तेवढाच नखाएवढा तुकडा कापायचा, आणि टोकाला टोक चिकटवायचं. असे शेकडो. सगळा उन्हाळा त्यात गेला. वहिनी रोज सकाळी ते तपकिरी कपचे झाडून उकिरड्यावर टाकत.

शेवटी मला ऐकायला बोलावलं. मला सुरातलं थोडं कळतं, तालातलं ओ की ठो नाही. पण खरखर खरंच गेली होती. मी म्हणालो, "गुंजाळराव, लोणी झालंय, लोणी." ते लाजले. पन्नाशीच्या टर्नरला लाजताना मी तेव्हाच पाहिलं.

टेप मुंबईला गेली. दोन महिन्यांनी कंपनीचं पत्र आलं. टाइप केलेलं, कचेरीच्या भाषेतलं होतं, म्हणून वाचायला माझ्याकडे घेऊन आले. 'सारंगी उत्तम. मात्र तबलावादक लयीला कच्चा असून ठिकठिकाणी मात्रा गाळतो. सबब प्रकाशनास अयोग्य.'

मी दोनदा वाचून दाखवलं.

"मात्रा गाळतो म्हनं. आवं, त्येनं न्हाई गाळल्या."

मग हळूहळू उलगडलं. एवढे सगळे टक् काही चिरेचे नव्हते. त्यातले काही तबल्यावरच्या बोटाचे होते. यांनी खरखर समजून तेही कापले होते.

"माझा बाप हुता तो, भाऊ," गुंजाळराव म्हणाले. "मला शिकीव म्हनून लई मागं लागला हुता. मी म्हनलं, असलं बडवत बसून प्वाट भरत न्हाई. कारखान्यात जानार मी. शिकलो असतो तर वळखलं असतं, कंचा टक् त्येचा आन् कंचा चिरंचा."

"लोणी झालंय" म्हणणारा मूर्ख मीच होतो की! तबकडी मोडलेली, कपचे कधीच उकिरड्यावर गेलेले. जोडायला जगात काही शिल्लक नव्हतं.

"तुमचं अक्षर चांगलं हाय," ते म्हणाले. "कंपनीला लिवा."

मी कागद घेतला. "रेकॉर्डचा पुन्हा विचार करावा, असं लिहू?"

"न्हाई. आता ती काडूच नगा म्हनावं. एवढंच लिवा, की वाजवनारा कच्चा नव्हता, कापनारा कच्चा हुता. तुमच्या कागदात त्येच्याफुडं कच्चा लिवलंय, तेवढं खोडा."

"वडिलांचं नाव?"

त्यांनी नाव सांगितलं. पूर्ण, आजोबांच्या नावासकट. मी ते जमेल तितक्या वळणदार अक्षरात लिहिलं. गुंजाळरावांनी तो कागद हात पुसून घेतला आणि त्या नावाकडे पाहत राहिले.

"खोडत्याल ना, भाऊ?"

मी वीस वर्षं कारकुनी केलेला माणूस. एक शब्द खोडायला निकाली फाइल पुन्हा कुणी उघडत नाही. मी स्वतः कधी उघडली नाही.

"खोडतील," मी म्हणालो.