सासऱ्यांनी बांधलेली भिंत

खिळा भिंतीत गेला तो गेलाच. जावयाने हातोडी एकदाच मारली. खिळ्याने पुन्हा तोंड दाखवलं नाही आणि मागोमाग ताटाएवढं प्लास्टर खाली आलं.

हे घर सासऱ्यांनी, म्हणजे एका निवृत्त कंत्राटदाराने, स्वतः उभं राहून बांधलेलं. लोक कुणाकडे गेले की माणसांची विचारपूस करतात; सासरे आधी भिंतींची करायचे, बोटाने ठोकून. बायको त्यांनाच आणायला गेली होती, जाताना बजावून: "बाबांच्या भिंतीला हात लावू नका. काही बिघडलं तर दुरुस्तीला ते महिनाभर राहतील."

महिनाभर! जावयाने धावत जाऊन पीओपी आणलं, कणकेच्या परातीत कालवलं. भोकात कागद कोंबेपर्यंत ते परातीतच घट्ट व्हायला लागलं. त्याने पाणी ओतून घोटलं. मग त्याचं दही झालं आणि दहीच राहिलं. तसंच थापलं, वर रंग मारला. ओल्यावर रंग, फोड आले. फोडांवर हेअर ड्रायर धरला. फोड बसले, तडे गेले.

बेल वाजली. झाकायला दुसरं काही नव्हतं, म्हणून दार उघडून तो स्वतःच तिथे जाऊन उभा राहिला.

"या बाबा, बसा ना!"

"बसतो. आधी जरा..." टक. टक. सासरे दारापासूनच सुरू झाले. बायको चहा ठेवायला आत गेली.

"जावईबापू, सरका."

"इथे एकदम मजबूत आहे, बाबा."

"सरका हो!"

पच्च. सासऱ्यांचं बोट भिंतीत गेलं.

"काय केलंत हे?"

"एक खिळा मारला फक्त."

"माझ्या भिंतीत खिळा वाकतो! आत पक्की वीट आहे!" वीट दाखवायला त्यांनी भोकात हात घातला. आधी कागद निघाला.

"हे?"

"माझं."

मग सिमेंटची रिकामी गोणी.

"आणि हे?"

"हे माझं नाही."

मग निघाली एक छत्री. सासरे तिच्याकडे बघतच राहिले.

"ही ढापली म्हणून मी सख्ख्या भावाशी बोलणं टाकलं," ते कुजबुजले. "विटा कमी पडल्या होत्या हो. गवंड्याला म्हटलं, काहीतरी भर आणि उरक."

आतून आवाज आला, "बाबा, साखर चालते ना?"

"चालते! सावकाश आण!" सासऱ्यांनी छत्री परत आत ढकलली, ताजं पीओपी बरोबर मापात कालवलं, सराईत हाताने थापलं. "पाठीने दाबून धरा. हलायचं नाही."

बायको चहा घेऊन आली. "कशी आहे भिंत, बाबा?"

"ठणठणीत. मी निघतोच लगेच."

"अहो बाबा, आत्ता तर आलात!"

"घरी काम आहे. भावाला भेटायचंय."

महिना टळला! जावयाला उडी मारावीशी वाटली.

"अहो, बाबांना सोडायला येताय ना?" बायकोने चप्पल घालत विचारलं.

त्याने पाठ हलवून बघितली. सासऱ्यांचं काम खरोखरच पक्कं होतं.

"तुम्ही व्हा पुढे," तो म्हणाला. "मी शर्ट बदलून येतो."