नातीचं कोपर

मंगळवारी सेट-टॉप बॉक्स बदलला आणि टीव्हीवरचं चित्र चारही बाजूंनी चार-चार बोटं कमी झालं. बातम्या देणाऱ्या बाईंचं कपाळ गेलं, खालची पट्टी गेली. निवृत्त हेडक्लार्क असलेल्या आजोबांनी ते चालवून घेतलं. बातम्या कमी झाल्याचं त्यांना फारसं दुःख नव्हतं. पण रविवारी नातीच्या शाळेचं समूहगान लागणार होतं आणि त्यात नात उभी होती अगदी डावीकडच्या टोकाला.

कंपनीच्या बाईंनी फोनवर अदबीनं सांगितलं, "जो भाग दिसत नाही, त्याचा फोटो पाठवा."

आजोबांनी पडद्याचा फोटो पाठवला. उत्तर आलं : 'फोटोत न दिसणारा भाग आढळून आला नाही. तक्रार निकाली.'

आजोबा हट्टाला पेटले. शुक्रवारी कंपनीचा माणूस आला. त्यानं टेपनं आधी पडदा मोजला, मग चित्र मोजलं. दोन्ही सारखंच भरलं.

"यात कमी काय आहे, काका?"

"नात. ती डावीकडे आहे हो."

"मग तिला जरा मध्ये सरकायला सांगा."

"चित्रीकरण होऊन गेलंय."

"मग आता आपल्या हातात काही नाही," असं म्हणून त्यानं 'ग्राहक समाधानी' हा शेरा लिहिला आणि कागद पुढे केला. आजोबांनी चौतीस वर्षं असेच शेरे मारले होते. हात सवयीनं सही करून मोकळा झाला.

रविवारी गाणं लागलं. डाव्या कडेला, खरचटल्यावर लावतात तसली चिकटपट्टी लावलेलं एक कोपर हलत होतं.

"आपलीच," आजी म्हणाल्या आणि त्यांनी डोळे पुसले.

लगेच फोन सुरू झाले. मेहुणे, साडू, विहीणबाई. सगळ्यांकडे त्याच कंपनीचा तोच बॉक्स. "काय गोड दिसली हो पोरगी! चेहऱ्यावर काय आत्मविश्वास!" आजोबा एकेकाचे आभार मानत राहिले. शेवटी नातीचा फोन आला.

"आजोबा, मी दिसले?"

"अख्खी दिसलीस, बाळा."

हे खोटं त्यांना फार लागलं. त्या दिवशी त्यांना जेवण गेलं नाही.

सोमवारी आजींनी कपाटातून टीव्हीचा मूळ रिमोट काढला. खराब होऊ नये म्हणून आजोबांनीच तो प्लास्टिकसकट कुलपात ठेवला होता. एक बटण दाबताच बातम्यांच्या बाईंना कपाळ आलं. गाणं बुधवारी पुन्हा लागणार होतं. आजोबांनी मोठ्या मनानं मेहुण्यांना फोन लावला.

"तुमच्याकडेही चित्र कापलं जात असेल. टीव्हीच्या रिमोटवर एक बटण आहे..."

"छे हो भावोजी, आमच्याकडे पहिल्यापासून पूर्ण दिसतं," मेहुणे दुखावल्या आवाजात म्हणाले. मग हळूच पुढे म्हणाले, "पण ते बटण कुठलं? आपलं सहज विचारतोय."

वाचकहो, वरून तिसरं. तुमच्याकडे चित्र पूर्णच दिसत असणार. आपलं सहज सांगून ठेवलं.