श्वास सावकाश सोडा

मास्तरीणबाईंनी मऊ भाताचा घास तोंडाशी नेला आणि समोर बसलेल्या तिघांनी श्वास रोखला. घास परत ताटलीत गेला.

"काय झालं? मळमळतंय?" मास्तरांनी विचारलं.

"तुम्ही असे टक लावून बसलात की घसाच मिटतो माझा."

मास्तर म्हणजे गाडी शिकवणारे मास्तर. बायकोची केमो सुरू झाल्यापासून त्यांच्या घराचा कारभार तिच्या पोटाभोवती फिरत होता. गोळ्यांनी उलट्या थांबल्या होत्या, पण मळमळ काही पिच्छा सोडत नव्हती. फोडणीचा वास सोसवेना, म्हणून बाकीचे जिन्यात बसून जेवत. मुक्कामाला आलेली थोरली नणंद, अक्का, आल्याचा तुकडा हातात घेऊन वहिनीच्या मागे मागे फिरे. मनगटावर नेमक्या जागी दाब दिला की बरं वाटतं, असं तिघांतल्या तिसऱ्याने, शेजारच्या टेलरने, कुठेतरी ऐकलं होतं. त्याने आत कोटाची बटणं घालून दोन पट्टे शिवले आणि असे आवळून बांधले की बाईंची बोटं जांभळी पडली.

शेवटी हॉस्पिटलातल्या सिस्टरने सांगितलं, "गोळ्या चालूच ठेवा. जोडीला अंग सैल सोडून शांत श्वास घ्यायचा सराव करा. कुणी संथ आवाजात सांगत राहिलं तर आणखी चांगलं."

संथ आवाजात मास्तरांचा हात कोण धरणार? शिकाऊ माणूस गाडी थेट भिंतीकडे न्यायला लागला, तरी ते "हं, आता ब्रेकचा विचार करू" एवढंच म्हणत.

दुपारी पडदे ओढले. "तिला एकटीला कसंसंच वाटेल," म्हणून अक्काही बसली. टेलर पट्टे सैल करायला आला होता, तोही टेकला. तेवढ्यात खाली मास्तरांच्या गाडीचा हॉर्न वाजू लागला. गाडी शिकायला येणारी दातांची डॉक्टर आली होती. हॉर्न थांबवायचा तर तिलाही वर बोलावणं भाग होतं.

"पाच मिनिटं बसा, डॉक्टर," मास्तर म्हणाले. "डोळे मिटा सगळ्यांनी. श्वास आत घ्या. आता सावकाश सोडा. एकदम सोडू नका, गाडी बंद पडते."

"अहो, मी काय गाडी आहे?"

"हसू नकोस गं. खांदे न्यूट्रलला आण."

अक्काची मान पहिल्यांदा कलली. टेलर भिंतीला टेकल्या टेकल्या झोपी गेला. सकाळभर दाढा उपटून दमलेली डॉक्टर उशी पोटाशी धरून आडवी झाली. मास्तरांनीही कित्येक रात्री बायकोला कूस बदलताना ऐकत काढल्या होत्या. "उजवा पाय सैल... आता डावा..." असं म्हणेपर्यंत त्यांचाच आवाज घसरला. डावा पाय आलाच नाही.

मास्तरीणबाईंनी डोळे उघडले. जळकट वास येत होता. अक्काने गॅसवर बटाटे उकडत ठेवले होते, ते कुणाच्याच ध्यानात नव्हतं. कुणाला हाक मारावी? चौघेही गाढ झोपले होते. त्या स्वतःच उठल्या, भिंतीचा आधार घेत स्वयंपाकघरात गेल्या, गॅस बंद केला आणि खिडकी उघडली. पातेल्याचा तळ कोळसा झाला होता. वरचे बटाटे मात्र शाबूत होते.

ते पार गार झाल्यावर त्यांनी एक सोलला, मीठ लावून तुकडा तोंडात टाकला आणि मळमळीची वाट पाहत उभ्या राहिल्या. ती जराशी वर आली, घुटमळली आणि खाली बसली. विचारायला कुणी नव्हतं, आलं पुढे करायला कुणी नव्हतं. त्यांनी आणखी एक बटाटा सोलला आणि ताटली, चमचा, मीठ घेऊन त्या निवांत आपल्या खुर्चीत येऊन बसल्या.

खाताना झालेल्या चमच्याच्या आवाजाने मास्तरांचा एक डोळा उघडला. बायको खात होती. मनापासून, दोन्ही गाल भरून. "अक्का" अशी हाक त्यांच्या ओठांवर आली, तिथेच त्यांनी ती गिळली. डोळा मिटला आणि ते घोरू लागले.

मास्तरीणबाईंनी ते ऐकलं. इतक्या वर्षांच्या संसारात हा माणूस असा सभ्यपणे, ताल धरून कधीच घोरला नव्हता. त्यांनी त्याच्याकडे पाहिलं नाही. फक्त आणखी थोडं मीठ भुरभुरवलं.

इतक्यात अक्का चुळबुळली, तिची कललेली मान हलली, पापण्या हलू लागल्या. घोरणं थांबलं.

"श्वास आत," मास्तर मिटल्या डोळ्यांनीच पुटपुटले, "आता सावकाश सोडा... अगदी सावकाश..."

अक्का पुन्हा गाढ झोपली.